पांढरी पाच, केसभर चढी

मुकुंदरावांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण एकाही फोटोत ते पुरते सापडत नाहीत. कुठे गवयाच्या खांद्यामागून अर्धा चेहरा दिसतो, कुठे तंबोऱ्याच्या दांडीआडून एक कान आणि चार बोटं. ग्वाल्हेरच्या एका संगीत महाविद्यालयात त्यांनी बेचाळीस वर्षं तंबोऱ्याची साथ केली. पुढे बसणारे बदलत गेले. त्यांच्यातले काही म्हातारे झाले, काही तसबिरीत जाऊन बसले. मागे बसणारे मुकुंदराव मात्र तेच राहिले. "पुढचे रंग लावतात, आपण भिंत धरून ठेवायची," असं ते एकदा एका विद्यार्थ्याला म्हणाले होते. मग आपण फार बोललो असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं.

मागे बसणाऱ्याला एक सवय लागते. आपण होऊन सुरुवात करायची नाही. घरातही त्यांचं तसंच. भाजीत मीठ नसलं तर दुसरं कोणी म्हणेपर्यंत ते मुकाट्याने जेवत, आणि कोणी म्हटलं की "हो, मलाही वाटलं खरं," एवढंच म्हणत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम सुती दोऱ्याचं एक रीळ असे. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा जिथे टेकतात तिथे, प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा इवलासा तुकडा सरकवावा लागतो. तो केसभर मागेपुढे करत नेमक्या जागी आणला की तार नुसती वाजायची थांबते आणि घुमायला लागते. त्यालाच जवारी लागली म्हणतात. हा दोरा ते महाराज बाड्याच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून आणत. दोरा चिमटीत धरून, डोळे मिटून पारखत. वर्षानुवर्षं दोऱ्याने तारांत जीव आलेला पाहून त्यांचा दोऱ्यावर असा काही विश्वास बसला, की चष्म्याची काडी निखळली, छत्रीची तार सुटली, नळ गळायला लागला, की त्यांचा हात पहिल्यांदा खिशाकडे जाई.

"उद्या किल्ल्याचा बुरूज ढासळला ना," इंदुताई म्हणत, "तर हे रीळ घेऊन वर चढतील."

इंदुताई म्हणजे त्यांची बायको. घरातलं बोलणं बहुतेक त्यांच्याच वाट्याचं. घरात मुलगा अभिराम, तो बँकेत, आणि सून श्रुती. शिंदे की छावनीतल्या एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ही चार माणसं राहतात.

गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. बाहेरच्या कोणाला ती गोष्ट वाटलीही नसती. महाविद्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमात उन्नती नावाची मुलगी गाणार होती. निवृत्त झाल्यावरही अशा दिवशी मुकुंदरावांना बोलावणं येई. त्यांनी नेहमीप्रमाणे तंबोरा लावला आणि मान हलवली. उन्नतीने डोळे मिटले, 'सा' लावायला ओठ उघडले, आणि मग न गाता ती हळूच मागे वळली. तिने पहिल्या तारेचा, सूर बारीक जुळवायचा मणी नखाने किंचित खाली सरकवला. ओशाळून हसली आणि पुढे गायला लागली. छान गायली.

त्या दिवसापासून मुकुंदरावांनी तंबोऱ्याला गवसणी घातली ती काढली नाही. तंबोरा पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, पाहुणा बसायचा विसरला असावा तसा, उभा राहिला. अभिराम त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं. मग विचारलं, "बाउजी, कान में कभी आवाज़ आती है? सीटी, भौंरा, ऐसा कुछ?"

मुकुंदराव म्हणाले, "हो. येते."

येत होतीच. तंबोरा बंद झाल्यापासून दुपारी सामसूम झाली की कानात दूर कुठेतरी काहीतरी घुमत राही. ते सांगितलं म्हणून घरात नोंद झाली, बाबांच्या कानात वाजतं. त्यानंतर सगळे त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलायला लागले. कोणी मोठ्याने बोललं की माणसाला आपण दूर गेलोय असं वाटतं. मुकुंदराव तसेच थोडेथोडे दूर गेले.

त्यांची दुपारची जागा म्हणजे मागची गॅलरी. तिथे त्यांची वेताची खुर्ची, आणि खुर्चीला लागून कपडे धुण्याचं मशीन. मशीनला समोर गोल काचेचं दार. श्रुती कपडे घालून बटण दाबून आत गेली की मुकुंदराव त्या काचेत बघत बसत. साबणाच्या फेसात एखादी निळी बाही वर यायची, कोणाला तरी हात केल्यासारखी, आणि पुन्हा बुडायची. मशीन एका बाजूला फिरे, थांबे, दुसऱ्या बाजूला फिरे. त्या थांबण्यात एक संथ, ठाय लय होती. बघताबघता त्यांचा डोळा लागे, आणि त्या अर्धवट झोपेत जुन्या मैफली पाण्याखालून चालल्यासारख्या जात. गवयांचे ओठ हलत, आवाज मात्र नाही. आवाज तेवढा मागून कुठून तरी एकच, अखंड.

फाल्गुनातल्या एका सोमवारी मशीनने पाणी घेणं बंद केलं.

श्रुतीने बटण दाबलं. हिरवे दिवे लागले, दाराचं कुलूप खट्‌ झालं, आणि पुढे काही नाही. पाणी यायचा आवाजच नाही. काही मिनिटांनी दोन लाल अक्षरं लुकलुकायला लागली आणि मशीन टीं टीं करून थांबलं.

छावनीत नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून पहिला संशय गच्चीवरच्या टाकीवर गेला. अभिरामने वर जाऊन पाहिलं, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. मशीनचा नळ पूर्ण उघडा. मागचा पाइप कुठे मुडपलेला नाही. त्याने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. तीच दोन लाल अक्षरं.

मंगळवारी खालच्या चौकातल्या दुकानातून विक्रमसिंह मिस्त्री आले. त्यांच्या एका कानाला फोन, दुसरा फोन खिशात वाजत होता, आणि गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी लग्नाचा बँड जोरात सुरू होता. त्यांनी मशीनच्या शेजारच्या नळाखाली बादली लावली. धो धो पाणी आलं.

"देख लीजिए भाईसाहब," ते अभिरामला म्हणाले, "पानी तो ज़बरदस्त है। मशीन को पता ही नहीं कि पानी लेना है। बोर्ड उड़ गया।"

"बदलता येईल?"

"इस मॉडल का बोर्ड अब आता नहीं।" फोनवर त्यांनी कुणाला तरी पाच मिनिटांत पोचतो म्हणून सांगितलं आणि जिना उतरून गेले.

घरात ठरलं. नवीन मशीन आणायचं, जुनं बदल्यात द्यायचं. दुकानाची गाडी गुरुवारी चार वाजता येणार.

बुधवारी दुपारी श्रुतीने, नशीब पाहावं म्हणून, शेवटचं एकदा बटण दाबून पाहिलं आणि वैतागून आत निघून गेली. मुकुंदराव खुर्चीत होते. बँड नव्हता, फोन नव्हते. गल्लीत फक्त एक भंगारवाला दूरदूर जात होता. आणि त्यांना काहीतरी ऐकू आलं. अगदी मंद, एकसारखं, जमिनीतून वर आल्यासारखं.

ते ऐकत राहिले. सवयीने मनाने पेटीच्या पट्ट्यांवर त्याची जागा शोधली. पांढरी पाच. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याची पहिली तार, पंचम. पण शुद्ध नव्हे. केसभर चढी.

लाल अक्षरं लुकलुकली, मशीन थांबलं, आणि तो आवाजही थांबला. की थांबला असं नुसतं वाटलं? कानात नेहमीचं काहीतरी घुमत होतंच.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "मशीनमधून आवाज येतोय."

इंदुताई पदराला हात पुसत आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या. "कसला हो?"

"पंचम. जरा चढा आहे."

"मला नाही येत."

"आत्ता थांबला."

इंदुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन, मोठ्याने नव्हे, उलट फार हळू म्हणाल्या, "तुमच्या कानात वाजतंय ते. डॉक्टर म्हणाले ना?"

संध्याकाळी अभिरामही तेच म्हणाला. तो चांगला मुलगा आहे, हसला नाही. बुटांचे बंद सोडत एवढंच म्हणाला, "बाबा, बोर्ड मेलेलं आहे. मेलेल्या मशीनमधून आवाज कसा येईल?"

"हो, ते पण आहे," मुकुंदराव म्हणाले.

पण ते त्यांच्या मनातून जाईना. मशीन राहो की जावो, त्याचं त्यांना एवढं नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. तो आवाज मशीनमध्ये होता की त्यांच्यात? मशीनमध्ये असेल, तर केसभर चढं ओळखणारा कान अजून शाबूत आहे. आणि मशीनमध्ये काहीच नसेल, तर उन्नतीने नखाने जे सांगितलं तेच खरं, आणि गवसणी आहे तशीच राहू दे. उद्या चार वाजता मशीन गेलं की हे कधीच कळणार नाही.

गुरुवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे फूलबागेत फिरायला गेले. एका बाकावर बसून राहिले. माळी पाइपने वाफ्यांना पाणी घालत होता, आणि पाइपच्या तोंडावर बोट दाबून लांबची झाडं भिजवत होता. पाणी अडलं की कसं कुजबुजतं, मुकुंदराव ऐकत होते. की ऐकल्यासारखं वाटत होतं? आता कशाचाच भरवसा राहिला नव्हता.

दुपारी जेवणं झाली. इंदुताई आडव्या झाल्या. श्रुती पुढच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होती. अभिराम गाडीसाठी लवकर येणार होता. मुकुंदराव गॅलरीत आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बटण स्वतः दाबलं.

दिवे लागले. खट्‌ झालं. आणि आवाज आला.

फार वर्षांपूर्वी, एका लग्नाच्या मांडवात, एवढा गोंगाट होता की तंबोरा लावताना तारेचा आवाज कानापर्यंत पोचेना. तेव्हा त्यांनी दांडीला गाल टेकवला होता. लाकडातून सूर हाडात आला होता, हाडातून आत. गोंगाट बाहेर राहिला आणि मांडवात ते आणि ती एक तार एवढीच उरली. आज ते गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसले, आणि मशीनच्या थंड पत्र्याला त्यांनी गाल लावला.

होता. पंचम होता. पत्र्यातून गालात, गालातून दातांत येत होता. त्यांनी डोळे मिटले. गॅलरी कुठे गेली कळलं नाही. काचेआड मैफल बसली होती, सगळे पाठमोरे. कोणी गात नव्हतं. सगळे कशाची तरी वाट पाहत होते. आणि मागून कोणीतरी न थकता एकच तार छेडत होतं, पुढच्याने आता तरी 'सा' लावावा म्हणून. इतका वेळ तार छेडणारा आणि 'सा' न लागणारा असा प्रसंग मुकुंदरावांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना त्या मागच्या माणसाची कणव आली.

डोळे उघडल्यावर त्यांनी एक साधी गोष्ट केली. हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं.

आवाज गेला. नुसता कानातून नाही, गालातूनही गेला. कानातला जुना भुंगा तेवढा दूर उरला, पण तो निराळा होता, त्याला ना ठाव ना स्वर.

बटण चालू. मशीनचं बटण दाबलं. पंचम परत.

असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मग ते जरा तसेच बसून राहिले. आणि बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं, की मशीनला पाणी घ्यायचं कळत नाही हे खरं नाही. चांगलं कळतंय. ते केव्हाचं मागतंय. आत कुठलं तरी दार उघडून उभं आहे आणि पाणीच दारापर्यंत पोचत नाही. नळाला पाणी आहे, मशीनला मागणी आहे. म्हणजे अडलंय ते ह्या दोघांच्या मध्ये.

खाली गाडीचा भोंगा वाजला.

"बाबा, गाडी आली पण!" श्रुती आतून ओरडली. "पावणेचारलाच आले हे लोग."

जिन्यावर पावलं वाजली. पुढे अभिराम, मागे दोन हमाल. हमालांनी गॅलरीत येऊन मशीनच्या दोन बाजू धरल्या.

"थांबा," मुकुंदराव म्हणाले.

आवाज इतका बारीक होता, की हमालांना ऐकू गेला नाही. त्यांनी मशीन थोडं पुढे ओढलं.

"रुको!"

हे मात्र सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. हमालांनी हात काढले. इंदुताई उठून धावत आल्या. अभिराम वडिलांकडे पाहतच राहिला.

"बाबा, काय झालं? तबियत ठीक आहे ना?"

"ह्यातून पंचम येतोय," मुकुंदराव म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आता सुरू केलं होतं. "बोर्ड मेलं असतं तर आला नसता. ते पाणी मागतंय. मध्ये काहीतरी अडकलंय. पाइप काढून बघ."

"बाबा, छोडा ना आता," श्रुती समजुतीने म्हणाली. "नवीन खाली गाडीत आहे. कानातलं आहे ते तुमच्या..."

"कानातलं नाही. बटण बंद केलं की जातं. इंदू, इकडे ये. हात ठेव इथे."

इंदुताईंना त्यांनी माणसांसमोर अशी हाक फार वर्षांत मारली नव्हती. त्या मुकाट्याने वाकल्या. मुकुंदरावांनी त्यांचा तळवा पत्र्यावर टेकवला आणि बटण दाबलं.

इंदुताईंचा चेहरा बदलला. "अगंबाई! हाताला मुंग्या येतायत हो!" मग मुलाकडे वळून, "अरे, उभा काय राहिलास? ह्यांनी खरंच सांगितलं होतं. हात लाव."

अभिरामने हात लावला. मग कान लावला. त्याने मशीनचा नळ बंद केला, वीज बंद केली, आणि मशीनच्या पाठीमागे पाइपाची चकती फिरवून सोडवली. पाइप निघाला. जिथून पाणी मशीनमध्ये शिरतं तिथे अंगठ्याएवढी जाळी होती. ती त्याने चिमट्याने ओढून काढली आणि तळहातावर ठेवली.

जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर तांबूस गाळाचा थर होता, आणि गाळाला धरून ठेवणारा पांढऱ्या तंतूंचा एक गच्च बोळा. चिमणीच्या घरट्यासारखा.

इंदुताईंनी तो बोळा उचलला, दोन बोटांत पिंजला, नाकाशी नेला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"हा तर तुमचा दोरा."

मुकुंदरावांना सगळं आठवलं. दिवाळीच्या सुमाराला मशीनच्या नळाचा जोड ठिबकत होता. सगळे बाहेर गेलेले पाहून त्यांनी पाइप सोडवला, आट्यांवर दोऱ्याचे दहाबारा वेढे दिले, आणि उरलेलं टोक, जवारीच्या दोऱ्यासारखं, हळुवारपणे आत खोचलं. ठिबकणं थांबलं होतं. आपल्या हाताने काहीतरी नीट झालं म्हणून ते दोन दिवस खुशीत होते. सांगितलं मात्र कोणाला नव्हतं. तेच टोक पाण्याने विंचरलं जाऊन, तंतू तंतू होऊन, पाइपातून वाहत जाळीवर येऊन बसलं होतं.

"म्हणजे मीच..." ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हीच," इंदुताई म्हणाल्या. "दुखणंही तुमचं आणि निदानही तुमचं. चार दिवस मी हाताने चादरी पिळल्या त्या ह्या दोऱ्यापायी!"

पहिल्यांदा श्रुती हसली. मग अभिराम. मग एक हमाल, ज्याला मराठी काही कळलं नव्हतं. मुकुंदराव खाली मान घालून उभे होते, पण त्यांची कळी खुलत होती.

अभिरामने जाळी ब्रशने धुतली, नळाकडचे वेढे काढून टाकले, पाइप बसवला. बटण दाबलं. खट्‌ झालं, आणि पाणी खळाळत आत आलं. काचेवर पहिला थेंब घरंगळला तसे सगळे त्याच्याकडे बघत राहिले. नळाचा जोड पुन्हा ठिबकत होता. तिथे इंदुताईंनी वाटी ठेवली.

"भैया, फिर नया वाला?" हमालाने विचारलं.

"वापस ले जाओ," अभिराम म्हणाला. "दुकान पर मैं बात कर लूँगा। माफ करना।" श्रुतीने दोघांना पाणी आणि लाडू दिले, आणि ते जिना उतरून गेले.

पाणी भरत असताना श्रुतीला काय वाटलं कोण जाणे. तिने फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि फोन मशीनच्या पाठीला टेकवला. "बाबा, ह्याच्यात सुराची सुई असते. तुम्हाला काल कुठला सूर ऐकू आला होता?"

"पांढरी पाच," ते म्हणाले. "केसभर चढी."

सुई थोडी डळमळली आणि स्थिर झाली. श्रुती तिच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन सासऱ्यांपुढे धरला. सुई पांढऱ्या पाचवर होती, आणि उजवीकडे, केसभर, झुकलेली.

मुकुंदरावांनी ते पाहिलं, पण बारकाईने पाहिलं नाही. त्यांना घाई झाली होती. पाणी पुरतं भरलं की आतलं दार मिटणार, पंचम थांबणार. त्यांनी तो कानात घेतला, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसा, आणि हळूहळू पावलं टाकत गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुढच्या खोलीत नेला. वाटेत इंदुताई काहीतरी म्हणाल्या, त्यांना त्यांनी हातानेच गप्प केलं.

कोपऱ्यात जाऊन त्यांनी गवसणीची नाडी सोडली. हिवाळा आणि अर्धा फाल्गुन अंगावर घेऊन तारा उतरून गेल्या होत्या. त्यांनी पहिल्या तारेची खुंटी पिळली. वर, आणखी वर. कानातला आणि तारेतला असे दोन पंचम जवळ आले, एकमेकांत थरथरले आणि एक झाले. मग त्यांनी मणी नखाने किंचित वर सरकवला, चढा सूर उतरवला. केसभर.

खिशातून रीळ काढून त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि तारेखाली घातला. मागेपुढे करता करता खोलीत काहीतरी उमललं.

इंदुताई दारात उभ्या होत्या. पुढे होऊन त्यांनी गालिच्यावरचं रीळ उचललं आणि तंबोऱ्याच्या खुंटीला अडकवून ठेवलं.

"हे आता इथेच राहील," त्या म्हणाल्या. "घरात फिरायचं नाही."

"बरं," मुकुंदराव म्हणाले, आणि दुसरी तार लावायला घेतली. मागे गॅलरीत मशीन फिरू लागलं होतं. एका बाजूला, थांबून, मग दुसऱ्या बाजूला.